दूरवरचं तेल

फार जुनी गोष्ट. बोलिंग खेळायच्या एका दालनात माणक्या नावाचा लाल चेंडू होता. लाकडी पट्टीच्या मध्यावर तो झोकात वळायचा आणि टोकाला उभ्या असलेल्या दहाही लाकडी पिना लोळवायचा.

पट्टीवर रोज नवं तेल लावत, ते मध्यापर्यंतच असायचं. एकदा मात्र ते पार दूरपर्यंत लावलं गेलं. माणक्या मध्यावर वळायला गेला, पण पकडच मिळेना. घसरत तो कडेच्या घळीत पडला. चुकणारे चेंडू अडगळीत जायचे.

"तेलाशी भांडू नकोस, बाळा," म्हातारा चेंडू काळोबा म्हणाला. "कोरडं लाकूड लागेपर्यंत धीर धर."

पुढच्या फेकीला मध्य मागे पडला, पिना अंगावर येऊ लागल्या, तरी माणक्या भीती गिळून सरळ जात राहिला. कोरडं लाकूड लागताच तो वळला. नऊ पिना पडल्या.

"उद्या कुठे वळशील?" काळोबाने विचारलं.

माणक्या म्हणाला, "उद्याचं तेल सांगेल तिथे."