झुंबरनं तळं राखलं

हिवरदरी गावात झुंबर नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सरपंच रंगनाथरावांनी त्याला गावच्या तळ्यावर राखणदार नेमलं. सांगितलेलं काम करतो आणि का म्हणून विचारत नाही, एवढे दोन गुण त्यांना पुरेसे वाटले. याहून मोठ्या जागांवरही एवढ्याच गुणांवर माणसं नेमली जातात.

त्या वर्षी ऊन भयंकर होतं. विहिरी आटल्या होत्या. तालुक्याहून रोज पाण्याचा एक टँकर येई, बाकी सगळी भिस्त तळ्यावर. तळ्यातलं पाणी पाऊस येईपर्यंत पुरवायचं होतं.

तालुक्यात हवामानावर मोठी बैठक झाली. पडदे ओढून, एसी लावून झाली. ठरलं असं, की प्रत्येक गावानं आपापलं तापमान कमी करावं. त्यासाठी प्रत्येक गावाला एकेक तापमापक मिळाला. सरपंचांनी गावी येऊन तो झुंबरच्या हातात दिला.

"झुंबर, साहेब तपासणीला यायच्या आत यातला पारा खाली आला पाहिजे."

"आणतो की, रावसाहेब."

झुंबरनं तापमापक पंचायतीच्या रांजणात बुडवला. पारा खाली आला. साहेब आले. त्यांनी रांजणातून तापमापक काढला, आकडा लिहून घेतला आणि खूश होऊन गेले. हिवरदरी जिल्ह्यातलं सगळ्यात थंड गाव ठरलं. सरपंचांना शाल-श्रीफळ मिळालं. दुसऱ्या आठवड्यात टँकर बंद झाला. एवढ्या थंड गावाला टँकर कशाला?

आता फक्त तळं उरलं.

सरपंच संतापले. "अरे मूर्खा, असं आपल्या मनानं काही करत जाऊ नकोस. आधी गावाला विचारायचं. चार लोकांचं मत घ्यायचं."

"बरं, रावसाहेब."

पुढे एका दुपारी सरपंचांच्याच कडब्याच्या गंजीला आग लागली. झुंबर बादली घेऊन धावला. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं. त्यानं बादली खाली ठेवली आणि घरोघर विचारायला निघाला.

"गंजी पेटलीय. विझवू का नको?"

मास्तर म्हणाले, "विझवण्याला माझा तत्त्वतः पाठिंबा आहे. पण आग मुळात का लागली, यावर आधी विचार व्हायला हवा."

पारावरची पोरं म्हणाली, "आमची गंजी जळली तेव्हा कुणी विचारलं होतं का? आधी आमची भरून द्या."

किराणा दुकानदार आग लागल्याचंच मान्य करेना. धूर दुकानात शिरला होता. डोळे चोळत तो म्हणाला, "दर उन्हाळ्यात असं वाटतंच. त्याचा एवढा बाऊ करू नये."

सगळ्यांची मतं घेऊन झुंबर परतला, तेव्हा तिथं राख होती.

सरपंचांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे गाढवा, आग दिसल्यावर विचारत बसतात का? पाणी ओतायचं! बादलीमागून बादली!"

"बरं, रावसाहेब."

दुसऱ्या दिवशी झुंबर शाळेवरून चालला होता. पडवीत आग दिसली. ह्या वेळी त्यानं कुणालाही विचारलं नाही. तळ्यावरून बादल्या आणल्या आणि भसाभसा ओतल्या. आग विझली. वर मोठं पातेलं होतं, तेही भरलं.

खिचडी शिजवणारी कौसाबाई पळी घेऊन त्याच्या अंगावर धावली. "मुडद्या, चूल होती ती माझी! आता लेकरांना काय घालू, तुझं डोकं?"

लेकरं उपाशी घरी गेली. सरपंचांनी झुंबरला बोलावून घेतलं. "तळ्यातल्या थेंबाथेंबाला मोल आहे आणि तू ते चुलीत ओततोस? आजपासून नियम. पाणी द्यायच्या आधी माणूस पात्र आहे का बघायचं. कागद बघायचे. कागद नाही, तर पाणी नाही."

"बरं, रावसाहेब."

भर उन्हात एक म्हातारी कळशी घेऊन तळ्यावर आली. झुंबर आडवा आला.

"कागद?"

"कसला रे कागद?"

"रहिवासी दाखला. रेशनकार्ड. दोन फोटो."

"झुंबऱ्या, मी तुझी आई आहे!"

"तसा दाखला आण."

"अरे मेल्या, तुला नऊ महिने पोटात वागवला!"

"कोण म्हणतं नाही? पण त्यावर सही-शिक्का पाहिजे."

म्हातारी गयाबाई दाखला आणायला पंचायतीकडे निघाली आणि वाटेतच भोवळ येऊन पडली. बायकांनी तिला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्या आल्या तिनं लेकाचा कान धरला.

"तहानलेल्याला कागद विचारतोस? लाज वाटत नाही? मागायला आलेल्याला मागेल तेवढं द्यावं. वर हात जोडून म्हणावं, पुन्हा या."

"बरं, आई."

चार दिवसांनी सरपंच तालुक्याला गेले. टँकर पुन्हा सुरू करा, म्हणून अर्ज द्यायचा होता. इकडे तळ्यावर एक पांढरी गाडी आली. पलीकडच्या माळावर बाटलीबंद पाण्याचा कारखाना निघाला होता, त्याचे मॅनेजर उतरले.

"काय रे, पाणी मिळेल का थोडं?"

"थोडं का म्हणून? मागाल तेवढं."

मॅनेजरनं एकदा तळ्याकडे बघितलं, एकदा झुंबरकडे. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

धुरळा उडवत टँकरची रांग आली. गावात एकच ओरडा झाला, "टँकर आले, टँकर आले!" बायका हंडे घेऊन धावल्या. पोरं नाचली. गयाबाईही कळशी घेऊन काठी टेकत निघाली. सगळे रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले. भरलेले टँकर एकामागून एक त्यांच्या समोरून निघून गेले.

संध्याकाळी सरपंच परतले. तळ्यात चिखल होता. काठावर अख्खा गाव रिकामी भांडी घेऊन उभा होता आणि झुंबर समाधानानं बसला होता.

"अरे, सगळं पाणी दिलंस?"

"मागितलं, दिलं."

"आणि बदल्यात त्यांनी काय दिलं?"

"एक बाटली दिली, रावसाहेब. गार होती."

गयाबाई काठीवर ओणवली. घशाला कोरड पडलेली. "ती तरी दे रे बाबा. सकाळपासून घोट नाही."

"ती कुठली आता, आई? शेवटच्या टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, लई तहान लागलीय. तू सांगितलं होतंस तसं दिली. हात जोडून म्हणालो, पुन्हा या."

"मग?"

"चांगला माणूस आहे गं. म्हणाला, येतो की. पाऊस पडून तळं भरू दे."