दोन रेघांचा सासरा

एका गावात हरबा नावाचा एक भोळा गडी होता. अंगाने दांडगा, मनाने लोण्यासारखा मऊ. खोड एवढीच, की सांगितलेलं जसंच्या तसं करायचा. "दाराकडे लक्ष ठेव" म्हटलं की तो दाराकडेच बघत बसायचा, आणि मांजर खिडकीतून येऊन दूध पिऊन जायचं. या गुणापायी दोन स्थळं मोडली होती. आता तिसरं आलं होतं. शुक्रवारी मुलीचे वडील केरबाअण्णा आणि मुलीचा मामा घर बघायला येणार होते.

आणि बुधवारी हरबाच्या आईला, भागाईला, ताप भरला. खोकला तर असा, की शेजारची कुत्री उठून बसली.

भागाईला तापाचं काही नव्हतं. तिला घोर होता शुक्रवारचा. "फ्लू निघाला तर पाहुण्यांना येऊ नका म्हणावं लागेल," ती म्हणाली. "मग ते कुठले परत येतायत? माझ्यामागं तुला कोण बघणार रे?"

हरबा धावत आरोग्य उपकेंद्रावर गेला.

नर्सबाई म्हणाल्या, "आईला घेऊन ये. आमच्याकडे तपासायची पट्टी आहे, पंधरा मिनिटांत कळतं. पण येताना तिच्या तोंडाला काहीतरी बांध. वाटेत कुणावर खोकायला नको."

हरबाने गोठ्यातून बैलाचं मुसकं आणलं आणि आईच्या तोंडाला बांधलं. भागाई तशीच सगळ्या गावातून चालत गेली. तोंड बंद असल्यामुळे तिला शिव्याही देता येईनात.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मुसकं काय बांधतोस? रुमाल बांधावा. नाक-तोंड नीट झाकावं."

"बरं," हरबा म्हणाला. "आता चुकणार नाही."

त्याने रुमाल बांधला. नर्सबाई कापसाची काडी घेऊन आल्या, तर हा आईचं नाक दोन्ही हातांनी झाकून उभा.

"हात काढ."

"नाक झाकायचं म्हणालात."

"तपासताना उघडायचं. सरक तिकडं."

"बरं. आता चुकणार नाही."

नर्सबाईंनी काडी भागाईच्या नाकात फिरवली, नळीतल्या पाण्यात घोळवली, आणि त्याचे थेंब पट्टीवर सोडले. मग हरबाला समोर बसवलं. "नीट ऐक. एक रेघ उमटली तर फ्लू नाही. दोन उमटल्या तर फ्लू. मग त्या माणसाला वेगळं ठेवायचं, दार लावून घ्यायचं, ताट खालून सरकवायचं. आणि एकही रेघ उमटली नाही, तर समजायचं ही खराब निघाली. ती टाकून द्यायची आणि दुसरी घ्यायची."

हरबा ओठ हलवत पाठ करत बसला. एक, बरा. दोन, वेगळा. एकही नाही, टाकून दे, दुसरा घे.

पट्टीवर एकच रेघ आली. साधी सर्दी होती. भागाईला रडूच कोसळलं, इतका तिचा जीव हलका झाला.

गुरुवारी शेजारच्या पारूकाकू पाहुण्यांसाठी चांगल्या कपबशा घेऊन आल्या. हरबाने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. लुगड्याच्या काठावर दोन रेघा होत्या. त्याने काकूंना न्हाणीघरात घातलं, बाहेरून कडी लावली आणि दाराखालून भाकरी सरकवली.

आरडाओरडा ऐकून भागाई धावत आली. "अरे मेल्या, लुगड्याच्या काठावर काय रेघा बघतोस? बघायचंच तर माणसाच्या तोंडाकडे बघ."

"बरं," हरबा म्हणाला. "आता चुकणार नाही."

शुक्रवार उजाडला. भागाई चुलीपुढे शिरा परतत होती. पाहुणे आले. हरबाने दारातच दोघांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मामाच्या कपाळावर गंधाची एकच रेघ होती. त्याला त्याने सतरंजीवर बसवलं. केरबाअण्णा मात्र देवाधर्माचे. कपाळावर उभं गंध, लख्ख दोन रेघा.

"गोठा बघू या का?" केरबाअण्णा म्हणाले. मुलगी द्यायची तर आधी गोठा बघायचा, अशी त्यांची रीतच होती.

"मी तेच म्हणणार होतो," हरबा म्हणाला.

केरबाअण्णा आत गेले. हरबाने बाहेरून कडी लावली. आतून दारावर धक्के बसू लागले, तेव्हा त्याने शिऱ्याचं ताट खालून सरकवलं.

"दार उघड."

"नाही अण्णा. विश्रांती घ्या. पाणी पाहिजे का?"

बराच वेळ झाला तरी अण्णा येईनात, म्हणून मामा उठला. भागाईही आली. कडी काढली तर आत शिरा म्हैस खात होती आणि अण्णा शेणात बसले होते. भागाईने त्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं. मामा हसून हसून खांबाला टेकला.

अण्णा उठून हौदावर गेले, हात-पाय धुतले, शेण उडालं होतं म्हणून तोंडही खसखसून धुतलं. मग येऊन सतरंजीवर बसले.

"भागाई," ते म्हणाले, "पोरगा येडा आहे, हे मी बघितलं. पण कडीआडून मला दहादा पाणी विचारलंन. मी आजारी आहे असं वाटलं त्याला, तर सोडून नाही गेला. दारापाशीच बसून राहिला. माझ्या सगुणाला असं माणूस दुसरं कुठं मिळायचं? तेव्हा आमच्याकडून..."

भागाईने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हरबा पुढे सरकला. मघाशी चुकला होता, आता चुकायचं नव्हतं. त्याने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. हनुवटीला धरून उजेडाकडे वळवून पाहिलं. कपाळ स्वच्छ होतं. एकही रेघ नव्हती.

त्याने केरबाअण्णांना कमरेत धरून उचललं, परसात नेलं आणि उकिरड्यात टाकलं. मग हात झटकत परत आला आणि मामापुढे अदबीने उभा राहिला.

"मामा, हा सासरा खराब निघाला," तो म्हणाला. "दुसरा द्या."