हलगीचं कलम

दिनानाथ तारळेकरांनी बायकोच्या आजारपणात पतसंस्थेचं कर्ज काढलं. बायको गेली, कर्ज राहिलं. त्यांनी साठ हप्त्यांचा करार लिहून मागितला, तेव्हा चेअरमन शिंगटे गरजले, "एकरकमी भरा, नाहीतर दारात हलगी वाजवून अब्रू काढीन!" या कामासाठी संस्थेने एक हलगीवाला कायमचाच बांधून ठेवला होता.

सोमवारी हलगी आली. तारळेकरांनी हलगीवाल्याला खुर्ची दिली, चहा दिला. मंगळवारी पोहे केले. बुधवारी फजिती पाहायला चेअरमन जातीने आले, तर अंगणात गल्ली जमलेली आणि तारळेकर मांडीवर ताल धरून बसलेले.

"तारळेकर, लाज नाही वाटत?"

"कर्जाची वाटते साहेब, म्हणून तर करार मागतोय. हलगीची कशी वाटेल? दोन वर्षांत या दारात कोणी फिरकलं नव्हतं. तुमच्या कृपेने तीन दिवस घर भरलंय. करारात एवढं कलम घाला: साठ हप्ते, आणि दर हप्त्याला हलगी. बिदागी संस्थेची."

गर्दीत हशा पिकला. त्यातला एक थकबाकीदार ओरडला, "साहेब, माझ्याकडे शनिवारी पाठवा, नातवाचं बारसं आहे!"

हलगीचा धाक तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी तारळेकरांनी कलमासकट लिहून नेलेल्या साठ हप्त्यांच्या करारावर चेअरमननी मुकाट्याने सही केली. हलगीचं कलम तेवढं स्वतःच्या हाताने खोडलं.

तारळेकरांच्या हजरजबाबीपणाचं गावभर कौतुक झालं. ते करायला घरी मात्र कोणी आलं नाही. खोडलेलं कलम त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.