हत्तिणीने दाखवलेला घाणा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा हत्ती बोलायचे आणि कधीमधी माणसं त्यांचं ऐकायचीही.

एका राज्यात राजाच्या हत्तिणीचा एक माहूत होता. ती पिल्लू असल्यापासून त्यानेच तिला वाढवलं होतं. त्याला ना बायको, ना मूल. जे काही होतं ते ती हत्तीणच.

पण माहुताला दारू लागली. आधी सणावाराला, मग बाजाराच्या दिवशी, मग दिवस उजाडला एवढं निमित्तही पुरू लागलं. एकदा नदीच्या उतारावर तो तिच्या मानेवरून घसरून खाली पडला. तिचा पाय त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर टेकला. त्या दिवसापासून हत्तिणीने त्याला पाठीवर घेणं सोडलं.

प्रधानजींनी माहुताला बोलावलं. "महिन्याभराने दसरा आहे. महाराजांची अंबारी निघायची. तोवर हत्तीण तुझ्यापुढे बसली नाही, तर ती दुसऱ्या माहुताच्या हवाली होईल."

शहाण्या माणसाने घरी जाऊन दारू ओतून दिली असती. आमच्या माहुताने लवंगा खाल्ल्या. वर वेलदोडे चघळले, अंगाला चंदन फासलं आणि नवरदेवासारखा हत्तिणीपुढे जाऊन उभा राहिला.

हत्तिणीने त्याला हुंगलं. "लवंग चांगली आहे," ती म्हणाली, "पण तिच्याखाली तू प्यायलेलाच आहेस."

"सोडायची आहे गं," माहूत म्हणाला. "दहादा सोडली. एकट्याला जमत नाही."

"मग एकटा कशाला सोडतोस? नदीच्या वाटेवर तेलिणीचा घाणा आहे. उन्हं उतरली की तिथे रोज माणसं जमतात. एके काळी त्यांच्या अंगाला तुझ्यासारखाच वास यायचा. आता येत नाही. आत काय करतात ते मला ठाऊक नाही, पण माझं नाक खोटं बोलत नाही."

त्या दारातून आत जायला माहुताला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी धीर यावा म्हणून एक घोट घेतला, आणि घोटाचा तांब्या झाला. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत पोचला, पण पावशेर तेल घेऊन परत आला. तिसऱ्या दिवशी कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून घोंगडी ओढून तो आत शिरला आणि कोपऱ्यात बसला.

"माहूतदादा, घोंगडी काढा," म्हातारी तेलीण म्हणाली. "उकडेल. आणि हत्तीचा वास काही घोंगडीत लपत नाही."

कोणी हसलं नाही. सोनाराने सरकून जागा दिली, कोतवालाने ताकाचा पेला पुढे केला. तिथली रीत साधी होती. ज्याने त्याने आपलं खरं सांगायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, आणि उपदेश तर मुळीच करायचा नाही.

आधी तेलीण बोलली. "मी अकरा वर्षं प्यायले. लेकीच्या लग्नात भर मांडवात पडले. आता सहा वर्षं थेंब नाही."

माहुताने मान वर केली. असं आपलं एकट्याचंच झालंय, असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

त्याची पाळी आली. "मी हत्तिणीसाठी आलोय," तो म्हणाला. "माझं तसं काही नाही."

तेलिणीने नुसता त्याचा पेला पुन्हा ताकाने भरला. तो चांगुलपणा त्याला सोसेना. "लवंगा खाऊन जातो मी तिच्यासमोर," तो पुटपुटला.

आणि घाण्यात हशा पिकला. वास लपवायला सोनार कच्चा कांदा खायचा. कोतवालाने वर्षभर कडुलिंब चावला होता. माहूतही हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. "त्या दिवशी मी तिच्या पायाखाली मेलो असतो," तो म्हणाला, "आणि ते ओझं तिने जन्मभर वाहिलं असतं. मी पितो. मला थांबता येत नाही."

निघताना त्याने विचारलं, "मावशी, असं किती दिवस यायचं?"

"किती फेरे घालायचे ते घाण्याचा बैल विचारत नाही, तू कशाला विचारतोस? आजच्या दिवस प्यायची नाही. उद्या परत यायचं."

माहूत रोज गेला. पहिले आठ दिवस त्याचे हात कापत, पोटात अन्न ठरत नसे. तेव्हा सोनार आणि कोतवाल आळीपाळीने त्याच्या उशाशी बसले. एकदा पाय गुत्त्याकडे वळले, तर तो तसाच मागे फिरून भर दुपारी तेलिणीकडे गेला. तिने काही न विचारता त्याच्यापुढे निवडायला तीळ ठेवले.

दसरा उजाडला. सारं नगर हत्तीखान्यापुढे लोटलं. दुसरा माहूत अंकुश घेऊन तयारच होता. आपला माहूत हत्तिणीसमोर उभा राहिला. तो 'बस' म्हणण्याआधीच तिची सोंड पुढे आली. हत्तिणीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत हुंगलं आणि कोणी न सांगताच गुडघे टेकले.

लोकांच्या जयजयकारात नगारा ऐकू येईना. माहूत तिच्या मानेवर चढला. हत्तीण उठली, तेव्हा त्याचं ऊर आनंदाने भरून आलं होतं.

प्रधानजी जवळ आले. "कोणत्या वैद्याचं औषध घेतलंस?"

माहुताने सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "वैद्याचं नाही, प्रधानजी. मी दारुडा होतो. एकट्याने सुटली नाही. तेलिणीच्या घाण्यात माझ्यासारख्यांबरोबर बसलो, तेव्हा सुटली."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली तेव्हा घाण्यात नऊ माणसं नवी आली होती. नवव्याला दारात घुटमळताना पाहून माहूत उठला आणि त्याने हात धरून त्याला आपल्या शेजारी बसवलं. ते प्रधानजी होते.

तात्पर्य: जे व्यसन एकट्याने सुटत नाही, ते आपल्यासारख्यांत बसून खरं बोलल्याने सुटतं.