नुईची शीळ

जपानच्या पश्चिमेकडच्या समुद्रात नेमुजिमा नावाचं एक बेट आहे. नकाशात बघाल तर वाटेल, माशी बसलीय, आणि फुंकर मारून उडवायला जाल. एवढंसं बेट. पण आता तिथे बोट जाते, आणि लोकही हौसेने जातात. कॅमेलियाच्या झाडांचा बोगदा बघतात, तिथे लाल फुलं अख्खीच्या अख्खी पायाशी गळून पडतात. पांढरा कडा बघतात. हाकटेकडीवर चढतात, धापा टाकतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळच्या बोटीने परत. विचारलं तर म्हणतात, छान आहे. छान आहेच हो, नाही कोण म्हणतंय! पण ही जी तीन छान ठिकाणं आहेत ना, त्या तिन्हींवरून एका दुपारी एक आई ऊर फुटेस्तोवर धावली होती. ते कुणी विचारत नाही. म्हणून मी सांगते, तुम्ही ऐका.

त्या बेटावर आरसाही एकच होता आणि तोही देवळात, त्या काळची ही गोष्ट. नुई नावाची बाई होती. तिथे पुरुष होडी घेऊन बांगड्याला जात, आणि बायका समुद्रात बुड्या मारत. कमरेला दोर बांधून तळाशी उतरत आणि खडकाला चिकटलेले मोठाले शिंपले उचकटून आणत. वर आल्या की कोंडलेला श्वास ओठांतून सोडत, त्याची शीळ होई. प्रत्येकीची शीळ वेगळी. नुईची तर अशी, की बेटाच्या पलीकडच्या अंगाला जाळी दुरुस्त करणारे म्हातारे हात थांबवत आणि म्हणत, "आली बरं का नुई वर!" ती शीळ ऐकली की समुद्रपक्षीसुद्धा गप्प होत, असं म्हणतात.

नुईचा नवरा समुद्राने नेला होता, आणि देहसुद्धा परत दिला नव्हता. मागे राहिला एक मुलगा, गेनता. दात जरा पुढे, तोंड सदा हसरं. कामाला एक वाघ आणि जेवायला दोन. उकडलेल्या रताळ्यांची टोपली समोर आली की तळ दिसेपर्यंत उठायचा नाही. मोठा झाला, बापाच्या मागे होडी चालवायला लागला. नुई म्हणे, "समुद्राला घाबर रे जरा." तो म्हणे, "तू घाबरतेस ना आई? मग घरात एक पुरे." नुईचा जीव त्याच्यात होता, बस. दुसरं काही तिला उरलंच नव्हतं.

आता त्या बेटाची एक रीत सांगते, कारण सगळं पुढचं त्या रीतीवर आहे.

बेटाच्या भोवती करवतीच्या दातांसारखे खडक. आत यायला वाट एकच, तीही एका होडीपुरती. धुकं पडलं की बायका टेकडीवर उभ्या राहून एकेका होडीला नावाने हाक घालत. ज्याचं नाव आलं त्याने आवाजाच्या रोखाने आत यायचं, बाकीच्यांनी बाहेर शंख फुंकत थांबायचं. इथवर शहाणपणाचं. पण पुढे असं, की आपल्या माणसाला आपण हाक मारायची नाही! बायकोने नवऱ्याला नाही, आईने मुलाला नाही. का, तर आवाजातली माया समुद्राला कळते, त्याची दृष्ट लागते, आणि मग तो तेच माणूस मागून घेतो. म्हणून दोन-दोन घरांची जोड लावलेली. तू माझ्या माणसाला बोलव, मी तुझ्या. आणि दुसऱ्यांच्या जोडीत तिसरीने तोंड घालायचं नाही, तो मोठा अपमान. मायेपोटीच केलेली रीत होती, पण माया आंधळी असते म्हणतात ते काय उगीच?

नुईची जोड तिच्या नणंदेशी होती. नणंदेचं नाव शिगे, तिच्या नवऱ्याचं कानबेइ. दोघींचं चांगलं होतं. एकीच्या घरी काही शिजलं की दुसरीच्या घरी वाटी जायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी होड्या बाहेर असताना धुकं आलं. असं आलं, की आपला हात आपल्याला दिसेना. बायका टेकडीवर धावल्या. हाका सुरू झाल्या, नाव ऐकून एकेक होडी आत येऊ लागली. ज्यांचे आले त्या खाली उतरल्या. शेवटी बाहेर राहिल्या दोन होड्या, कानबेइची आणि गेनताची. दोन शंख वाजत होते.

शिगे म्हणाली, "वहिनी, आधी ह्यांना बोलवा ना. त्यांची होडी जुनी आहे. मग लगेच मी गेनताला हाक घालते."

नुई म्हणाली, "बोलावते वन्सं. रडू नका."

तिने शीळ घातली आणि कानबेइचं नाव घेतलं. होडी वळली, खडकांच्या तोंडाशी आली, आणि तिथेच जुनी फळी आपटून फुटली. कानबेइ पाण्यात गेला. किनाऱ्यावर एकच ओरडा झाला. पुरुषांनी उड्या टाकल्या, त्याला ओढून काढला तेव्हा त्याचा श्वास चालत नव्हता. शिगे किंचाळत टेकडीवरून खाली धावली, आणि उरल्यासुरल्या बायका तिच्यामागे धावल्या. माणूस मरतोय म्हटल्यावर कोण थांबेल? मी तरी थांबले नसते.

टेकडीवर नुई एकटी राहिली.

बाहेर शंख वाजला. गेनताचा. माझं नाव घ्या, असं तो शंख म्हणत होता. नुईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. येतील, वन्सं आत्ता वर येतील. शंख पुन्हा वाजला, अगदी जवळून. एवढ्या जवळून, की तिला वाटलं हात पुढे केला तर होडी लागेल. नुसतं 'गेनता' म्हटलं असतं तर झालं असतं हो! एक शब्द. पण तिच्या मनात तिचा नवरा आला. तो बुडाला त्या दिवशी तिने रीत मोडून त्याला हाक मारली होती का? नव्हती. तरी समुद्राने त्याला नेलाच. मग मारली तर काय करेल, याच भीतीने तिची जीभ टाळ्याला चिकटली.

तिला शेवटी धीर धरवेना. ती टेकडी उतरली आणि कॅमेलियाच्या झाडांखालून शिगेच्या घराकडे धावली. दारात पोचली. आत कानबेइ आडवा, शिगे त्याचे तळपाय चोळत होती, भोवती सगळं गाव. शिगेने वर बघितलं, तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "वहिनी, डोळे उघडले ह्यांनी! बघा, डोळे उघडले!"

नुई एवढंच म्हणाली, "वन्सं, गेनता."

शिगेच्या हातातून नवऱ्याचा पाय सुटला. गावातल्या प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितलं. प्रत्येकाला वाटलं होतं, शिगेने कुणाला तरी सांगितलं असेल, कुणीतरी हाक घालत असेल.

दोघी अनवाणी पळाल्या. पण तोवर ओहोटीच्या ओढीने शंखाचा आवाज सरकला होता. आता तो टेकडीखालून नाही, पांढऱ्या कड्याखालून येत होता. दोघी कड्यावर पोचल्या. शिगेने हाक घातली, पण रडून ओरडून तिचा घसा गेला होता. नुसती घरघर आली. पुन्हा घातली, पुन्हा घरघर. शिगे जमिनीवर मूठ आपटायला लागली.

तेव्हा नुईने तोंडावर पुन्हा दाबून धरलेला हात काढला. तळाशी उतरताना घ्यायची तसा श्वास छातीत भरून घेतला. आणि शीळ घातली. त्या शिळेने धुकं वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं, असं म्हणतात. फटीतून ऊन पडलं, आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी, फेसात, गेनताची होडी दिसली.

"गेनता!" नुई ओरडली. "गेनता, बाळा!"

त्याने वर बघितलं. आई स्वतः हाक मारतेय म्हटल्यावर त्याला नवल वाटलं असणार. तो हसला. त्याचे पुढचे दात तिला वरून दिसले. त्याने हात उंच केला, वल्हं सोडून. मागून लाट आली, होडी उचलली आणि खडकावर घातली. धुक्याची फट मिटली. शंख त्यानंतर वाजला नाही.

गाव गोळा झालं. आणि देवळातला म्हातारा काय म्हणाला असेल? म्हणाला, "नुई, तू रीत मोडलीस. आईनेच हाक मारली आणि समुद्राने ऐकली." नुईने मान खाली घातली. तिला ते खरंच वाटलं, हेच सगळ्यात वाईट.

पण शिगे उभी राहिली. आवाज नव्हता तिला, तरी बोलली, आणि ती घरघर शेवटच्या माणसापर्यंत पोचली. "हाकेने नाही मेला तो. आपण सगळे गप्प होतो म्हणून मेला. हाक मारायची माझी पाळी होती. माझं माणूस आलं आणि मी विसरले. तिला बोल लावाल तर आधी मला कड्यावरून ढकला."

पुढचं धुकं आलं तेव्हा सगळ्या बायका टेकडीवर जमल्या. कानबेइ बाहेर होता. शिगे पुढे झाली आणि तिने आपल्या नवऱ्याला आपल्या तोंडाने, नाव घेऊन, सगळ्यांदेखत हाक मारली. बायकांनी भीतीने डोळे मिटून घेतले. कानबेइ आला, सुखरूप आला. त्या दिवशी ती रीत मोडली ती मोडलीच. शिगे घरी आली, नवऱ्याला जेवू घातलं आणि एका कोपऱ्यात बसून खूप रडली. एवढं सोपं होतं, म्हणाली, एवढं सोपं होतं.

नुईने बुड्या मारायचं सोडलं. ती टेकडीवरच बसू लागली. धुकं पडलं की शीळ घाली, आणि तिच्या शिळेवर परक्या गावांच्या होड्यासुद्धा आत येत. नेमुजिमाची एकही होडी पुढे बुडाली नाही, असं म्हणतात. आत आलेला माणूस वर जाऊन तिच्या पाया पडे. ती त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट बघे आणि सोडून देई. शिगे रोज तिच्याजवळ येऊन बसे.

अशीच वर्षं गेली. केस पांढरे झाले. एकदा फार दाट धुकं पडलं, आणि नुईने घातलेली शीळ संपेचना. लांबतच गेली. होड्या सगळ्या आल्या, तरी शीळ चालूच. शिगेने शेजारी हात लावून बघितलं, तर तिथे नुई नव्हती. नुसता खडक होता, त्याला आरपार भोक पडलं होतं, आणि शीळ त्यातून येत होती. आजही धुक्यात तो खडक वाजतो. शहाणी माणसं म्हणतात, वारा असतो. अहो, वारा असता तर धुकं टिकलं असतं का?

अजूनही त्या बेटावर धुकं पडलं की भोंगा वाजतो, दुकानं बंद होतात, शाळा सुटते. सगळे टेकडीवर जातात. ज्याचं माणूस पाण्यात आहे त्याने पहिली हाक घालायची, मग बाकीच्यांनी. तुम्ही पाहुणे असलात तरी तुम्हालाही बोलावतात. आणि आपलं माणूस आलं म्हणून कुणी खाली उतरत नाही. सगळ्या होड्या लागेपर्यंत सगळे उभे.

सगळ्या होड्या लागल्या की आणखी एक हाक घालतात. "गेनता, ये रे! वाट मोकळी आहे!" लहान पोरंसुद्धा घालतात, त्यांना तर ते नाव घरातल्यासारखं पाठ असतं. बंदरातल्या बोटी यंत्रं बंद करतात, उत्तर आलं तर ऐकू यावं म्हणून. सगळे कान देऊन उभे राहतात. उत्तर येत नाही. मग एकेक जण टेकडी उतरू लागतो, घराघरांत चुली पेटतात, आणि शिगेच्या घराण्यातली जी कुणी बाई असेल, ती सगळ्यांत शेवटी उतरते.