कातळाने ठेवून घेतलेली टोपली

घाटात माणसांची वर्दळ सुरू होण्याआधीची ही गोष्ट. घाटाच्या मध्यावर एक सपाट कातळ होता. खालून गाढवं मांजरांसाठी मासळी घेऊन तिथवर चढत, वरून बैल कोंबड्यांसाठी ज्वारी घेऊन तिथवर उतरत. तिथे ओझी बदलून दोघंही लगेच माघारी फिरत.

शेजारची गुहा कातळाला हिणवायची, "माझ्या पोटात वर्षभराचं धान्य आहे. तुझ्यापाशी काय उरतं?"

कातळाला ते फार लागलं. तो म्हाताऱ्या गाढवाला म्हणाला, "दादा, आज एक टोपली इथंच राहू दे."

"बाबा रे, मासळी आहे ती," गाढव म्हणालं. पण कातळ हट्टालाच पेटला.

दुसऱ्या दिवशी असा वास सुटला, की बैल वळणावरूनच परत गेले. वर मांजरं उपाशी राहिली, खाली कोंबड्या. शेवटी गाढवाने नाक मुरडत टोपली दरीत ढकलली. वाऱ्याने कातळ चार दिवसांत स्वच्छ झाला आणि बैल पुन्हा येऊ लागले.

गुहेने खोचकपणे विचारलं, "काय रे, काय उरलं तुझ्यापाशी?"

"काहीच नाही," कातळ तोऱ्यात म्हणाला. "वास होता, तोही तुझ्या पोटात जाऊन बसलाय."