जिवंतपणी उतरवलेला मुकुट

आधी माफी मागतो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. गोष्ट मात्र मनापासून सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठी एक गाव होतं. दर चैत्रात देवीपुढे तिथे नाटक व्हायचं आणि नाटकापुढे एक पितळी समई तेवायची. ज्या वर्षी नाटक अर्धवट राहील, त्या वर्षी समई पलीकडच्या गावाला द्यायची, असं दोन्ही गावांत ठरलेलं होतं.

गावात आणखी एक रीत होती. युवराजाचा मुकुट एकाच नटाचा. तो नट वारल्यावरच मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर जायचा. त्यामुळे नाटक बसवणाऱ्या सूत्रधारआजोबांची दाढी पांढरी झाली, दात पडले, तरी युवराज तेच.

एका वर्षी नाटकात युवराज राणीमातेपुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांना उठताच येईना. मशाल धरून उभी असलेली नावाड्याची लेक खणखणीत आवाजात म्हणाली, “युवराज, हात देऊ का? का नाव आणू?”

पोरं खो खो हसली. तिनेच हात देऊन आजोबांना उठवलं, म्हणून नाटक कसंबसं पार पडलं.

आजोबा घरी येऊन खिन्न बसले. “पुढच्या वर्षी समई जाणार. आजच्या पोरांना नाटकाची गोडीच नाही.”

नटांचे चेहरे रंगवणारी म्हातारी तिथेच अंगणात रंगाच्या वाट्या धूत होती. ती म्हणाली, “तुम्ही त्यांना कधी बोलावलंत, भाऊजी?”

“दरवर्षी बोलावतो! सतरंज्या घालायला, मशाली धरायला.”

“म्हणजे उजेड त्यांनी धरायचा आणि दिसायचं तुम्ही.”

आजोबांना ते फार लागलं. रागाने ते जेवलेही नाहीत. पण सकाळी उठून नदीवर गेले. पोरं तिथेच बसली होती. नावाड्याची लेक पलीकडच्या काठाला हाका मारत होती. एवढी रुंद नदी, पण तिचा शब्द न् शब्द पलीकडे पोचत होता.

आजोबा तिला म्हणाले, “काल माझी थट्टा केलीस. आता युवराज करून दाखव.”

“मी? आणि मुकुट?”

“आधी तालमीला तर ये.”

ती आली. तिच्यामागून गुराखी आला, लोहाराचा पोर आला, लाजून दाराआड उभ्या राहणाऱ्या मुलीही आल्या. मग रोज संध्याकाळी देवळाच्या अंगणात तालीम होऊ लागली. म्हातारे शिकवायचे, पोरं चुकायची, आणि कधी पोरं म्हाताऱ्यांना सांगायची, “आजोबा, रागावलेला माणूस असा हळू चालत नाही!”

पुन्हा चैत्र आला. पलीकडच्या गावचे लोक समई न्यायला टोपलीत गवत भरून आले. युवराजांना वर्षभर काठीशिवाय चालता येत नव्हतं, हे त्यांनी ऐकलं होतं.

आजोबा मुकुट घालून, काठी टेकत पुढे आले. सगळ्यांसमोर त्यांनी मुकुट उतरवला आणि मशाल धरून उभ्या असलेल्या नावाड्याच्या लेकीच्या डोक्यावर ठेवला.

गाव हादरलं. “अहो, हे अभद्र! तुम्ही अजून जिवंत आहात!”

“म्हणून तर,” आजोबा म्हणाले. “मेल्यावर दिला असता, तर तिचा युवराज मला कसा दिसला असता?”

त्यांनी तिच्या हातची मशाल घेतली आणि ते बाजूला उभे राहिले.

मग काय नाटक रंगलं! युवराजाची पहिली हाक नदीपार गेली. लढाईत लोहाराच्या पोराने अशी उडी घेतली की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. राणीमातेपुढे युवराज गुडघे टेकून बसला आणि ताडकन उठला, तेव्हा आजोबाच सगळ्यांत आधी ओरडले, “वाहवा!”

पलीकडच्या गावचे लोक टोपली विसरून टाळ्या वाजवत होते. त्यांचे पाटील आजोबांपाशी येऊन म्हणाले, “समई राहू द्या इथेच. आमच्या पोरांना तेवढं शिकवाल का?”

त्या दिवसापासून दोन्ही काठांची पोरं एकाच नावेतून तालमीला येऊ लागली, आणि समई कधीच त्या गावातून गेली नाही.

तात्पर्य : कला टिकवायची असेल, तर आपण असतानाच तरुणांना पुढे उभं करावं आणि उजेड आपण धरावा.

ही गोष्ट मी काल लिहून संपवली. आज सकाळी आमच्या गावच्या बंधाऱ्यावर बसलेल्या पोरांकडे गेलो. बोलायची फार लाज वाटत होती, तरी म्हणालो, “संध्याकाळी देवळात नाटकाच्या तालमीला या. सतरंज्या मी घालतो.”